बिनरेंजचं घर

रेंज येत नाही म्हणून घर भाड्यानं घेणारा परभणी जिल्ह्यातला मी पहिलाच माणूस असेन.

लोक घर घेताना पाणी बघतात, शेजार बघतात, दार कुठल्या दिशेला आहे ते बघतात. मी मोबाइल हातात उंच धरून घरभर फिरलो, एकही कांडी दिसली नाही, आणि घरमालकाला म्हणालो, "पसंत आहे." घरमालक मुंजाजी माझ्याकडं बघतच राहिला. त्याच्या आयुष्यात त्याच्या घराचा हा गुण कुणी काढला नव्हता.

आता हे वेड कुठून लागलं ते सांगतो. हसण्यासारखं नाही ते, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, मेंदूत गाठ होऊन गेला. आम्ही परभणीत एकाच घरात राहायचो, तो वरच्या मजल्यावर, मी खाली. धडधाकट माणूस. उजवीकडं डोकं दुखतंय म्हणायला लागला आणि दिवाळीच्या फराळापासून होळीच्या पोळीपर्यंत संपला. मी डॉक्टरांना विचारलं, "कशामुळं झालं हो?" ते म्हणाले, "कशामुळंही नाही. होतं एखाद्याला." हे काय उत्तर झालं? मी सरकारी कचेरीत कारकुनी करून रिटायर झालेला माणूस. आमच्याकडं कपाटाची किल्ली हरवली तरी ती कुणामुळं हरवली हे ठरल्याशिवाय कुणी जाग्यावरून उठत नसे. इथं अख्खा माणूस गेला आणि कुणामुळंच नाही?

मग मीच शोध लावला. आमच्या समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर होता. दादाची खिडकी बरोबर त्याच्या समोर. मला गुन्हेगार सापडला. मी रोज संध्याकाळी अंगणात उभा राहून त्या टॉवरला शिव्या द्यायचो. (शेजारच्या वकिलीणबाईंना वाटायचं मी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडं बघून बोलतोय. त्यांनी कपडे मागच्या बाजूला वाळत घालायला सुरुवात केली.)

आणि दादाला जाऊन वर्ष व्हायच्या आत माझं डोकं दुखायला लागलं. उजवीच बाजू.

मी घाबरलो. बायको, सुलभा, मला ओढत डॉक्टरांकडं घेऊन गेली. ते म्हणाले, "एमआरआय करून घ्या, म्हणजे शंका नको."

"त्यात काय असतं?"

"मोठं लोहचुंबक असतं. त्यात पडून राहायचं. दुखत नाही काही."

मी उठलोच. लहरींनी माझं डोकं फिरलेलं, आणि हा माणूस मला लोहचुंबकात झोपवायला निघालेला! बाहेर येऊन मी सुलभाला चुंबकाचे दुष्परिणाम समजावून सांगितले. तिनं रिक्षा येईपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमाला चुंबकाची भीती नाही वाटायली. त्या फोटूत काय दिसंल त्याची भीती वाटायली."

ती अशी खरं बोलते, म्हणून आमचं पटत नाही.

बरेच दिवस कडाक्याचं भांडण झाल्यावर आमचा करार ठरला. दसरा झाला की लहरी नसलेल्या गावी राहायला जायचं. संक्रांतीपर्यंत माझं डोकं थांबलं तर मी जिंकलो. नाही थांबलं तर गुमान मशीनीत झोपायचं.

"कबूल?" ती म्हणाली.

"कबूल."

"दादांची शपथ घ्या."

मी घेतली. संक्रांत तेव्हा लांब वाटत होती.

लहरी मोजायला मी ऑनलाइन मीटर मागवला. हातात मावणारा, पिवळा. लहरी वाढल्या की लाल दिवा लागायचा आणि टिटवीसारखा ओरडायचा. पहिल्या दिवशी तो फ्रिजपाशी ओरडला, मिक्सरपाशी ओरडला, टीव्हीपाशी तर थांबेचना. सुलभापाशी मात्र गप्प राहिला. "बिघडलेला दिसतोय," मी म्हणालो. त्या दिवशी मला जेवण मिळालं नाही.

आधी गंगाखेडला गेलो. गोदाकाठ, मोकळी हवा. पण मीटर एसटीतच सुरू झाला. बसमध्ये प्रत्येकाच्या हातात मोबाइल! कंडक्टर मागं वळून म्हणाला, "कुणाचं लेकरू रडायलंय? पाजा की त्याला." मी मीटर बगलेत दाबला. बगलेतून तो आणखी केविलवाणा ओरडायला लागला. स्टँडवर उतरलो तर पुढं रेल्वेच्या तारा, त्याच्यापुढं मोठ्या खांबांच्या तारा. नदीपर्यंत पोचायच्या आत मी परतीची बस धरली.

मग चारठाण्याला. जुन्या देवळांचं गाव, दगडी, निवांत. मला फार आशा होती. मी मान खाली घालून एकेका देवळाभोवती मीटर फिरवायला लागलो. थोड्या वेळानं बघतो तर मागं माणसं. मी थांबलो की थांबतात, मी चाललो की चालतात. शेवटी एका टोपीवाल्यानं हळूच विचारलं, "कितीक खोल हाय?"

"काय?"

"सोनं. गुप्तधन काढायलाव ना?"

"अहो, मी काही शोधत नाही. जिथं काहीच नाही अशी जागा शोधतोय."

"हौ, आसं समदेच म्हनत्यात. आमचा वाटा काय ते आदी बोला."

तेवढ्यात मीटर कुणाच्या तरी खिशातल्या मोबाइलवर ओरडला आणि सगळे त्या माणसाच्या पायाखालची जमीन बघायला लागले. एकानं तर कुदळ आणायला माणूस पाठवला. पोलीस पाटील आले, त्यांनी आम्हा दोघांना चहा पाजला आणि देवळं जुनी आहेत, हात लावू नका, असं मायेनं समजावून बसमध्ये बसवून दिलं. परभणी येईपर्यंत सुलभा खिडकीबाहेर बघत होती. उतरताना म्हणाली, "चोराची बायको म्हणून चहा प्यायची तेवढी राहिली होती."

बेलदऱ्याचा पत्ता राणीसावरगावच्या बाजारात लागला. भाजीवाल्याला विचारलं, रेंज नसलेलं गाव आहे का इकडं? तो म्हणाला, "बेलदऱ्याला जा. तिथं मानूस मेलं तर पाव्हन्याला तिसऱ्या दिशी कळतंय." दुसरा कुणी असता तर तिथूनच मागं फिरला असता. मला वाटलं, सापडलं!

गाव दोन डोंगरांच्या बेचक्यात, खाली खळग्यात. मुंजाजीनं रस्त्याकडं स्लॅबचं नवं घर बांधलं होतं आणि जुनं, मातीच्या सपाट छताचं, माळवदाचं घर रिकामं होतं. हात-हात रुंद भिंती. आत गारवा. आम्ही येणार म्हणून त्यानं अंगण सारवून ठेवलं होतं.

"घरात रेंज येते का?" मी विचारलं.

"न्हाई सर. आत बिलकुल न्हाई. खरं तेच सांगतो, मागून भांडान नको."

"कधीतरी? पहाटे, पाऊस आल्यावर?"

"कदीच न्हाई."

मी मीटर काढला. स्वयंपाकघर, मधलं घर, गोठा, न्हाणी, सगळीकडं फिरवला. मीटर मुका! मी त्याला हलवून बघितला. गप्प. मला भरून आलं हो. त्या मुक्या मीटरकडं बघून वाटलं, दादाला वेळेवर इथं आणलं असतं तर.

मुंजाजी म्हणाला, "माळवद दावू का सर? वर लय मजा हाय."

"माळवदावर काय मी राहणार आहे का?" मी म्हणालो. माझे गुडघे दुखत होते आणि जे बघायचं ते मी बघितलं होतं.

दसरा झाल्यावर आम्ही आलो. परभणीचं घर भाडेकरूला दिलं. आल्या आल्या मी आमचे दोन्ही मोबाइल बंद करून, चांदीसारख्या कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरले. विजेचा मेन स्विच पाडला. उजव्या कुशीवर, डोक्यावरून पांघरूण न घेता, कितीतरी महिन्यांनी गाढ झोपलो.

सकाळी उजाडता उजाडता डोक्यावर धप्प आवाज झाला. मग पावलं. मग आणखी पावलं. मग माझ्या बाजेच्या बरोबर वरून एक बाई ओरडली, "हालो! हालो! आगं आवाज यायलाय का?"

मी तसाच बाहेर पळालो. घराच्या बाजूनं माळवदावर जायला दगडी पायऱ्या होत्या, त्या चढलो. वर अर्धं गाव बसलेलं. कोपऱ्यात दोन बांबू रोवून दोरी बांधली होती आणि दोरीला प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून मोबाइल टांगले होते. धुणं वाळत घालावं तसे. काही खणखणत होते, काही थरथरत होते. एक बाई, कांताबाई, पुण्यातल्या लेकीला बाळंतशेपा कसा भाजायचा ते सांगत होती. मुंजाजी दात घासत बसला होता.

"या सर. तुमचा बी आडकवा," तो म्हणाला.

"हे काय आहे?"

"रेंज."

"तुम्ही तर रेंज नाही म्हणालात!"

"घरात कुटं हाय? माळवदावर हाय. त्या दोन डोंगराच्या फटीतून सावरगावचा टावर बरोबर ह्या कोपऱ्याला लागतोय. समद्या गावात एवढीच जागा. मी दावतो म्हनलो तर तुमीच नको म्हनलाव."

"अहो, पण त्या दिवशी इथं एकही मोबाइल वाजला नाही!"

"पाव्हने घर बगायला येनार म्हनल्यावर मानूस साफसूफ करतंच की सर. समद्यानं आपापले काढून नेले व्हते."

मी खाली जाऊन मीटर आणला. (मी काय करणार होतो ते मलाही माहीत नव्हतं.) पायऱ्या चढायला लागलो तसा तो ओरडायला लागला आणि दोरीपाशी गेल्यावर असा काही किंचाळला की त्याचा लाल दिवा एकदा मोठा होऊन विझला. पुन्हा लागलाच नाही. "सरचा मोबाइल लय मोठ्यानं वाजतोय," कांताबाई लेकीला म्हणाली. मी वाचलेलं होतं की रेंज कमी असली की मोबाइल जास्त जोर लावतो. म्हणजे अख्ख्या गावाचे मोबाइल एका दोरीवर टांगून, सगळे मिळून जोर लावत होते, आणि त्यांच्या बरोबर खाली माझी बाज होती. उजवीकडंच.

"चला परत," मी सुलभाला म्हणालो.

"चला की," ती म्हणाली. "परत म्हणजे मशीनीत. कबूल केलाव."

मी बाज डावीकडच्या भिंतीला नेली आणि राहिलो.

खरा त्रास तर पुढंच होता. गावची रीतच अशी होती की लोक शेतात गेले की मोबाइल दोरीवर, आणि वाजला तर त्या घरात जो असेल त्यानं उचलायचा आणि ज्याचा असेल त्याला हाक द्यायची. मुंजाजी तिथं राहायचा तेव्हा त्याची म्हातारी उचलायची. आता घरात कोण? मी! बटणाला हात लावायचा नाही म्हणून परभणी सोडलेला माणूस दिवसभर कधी ह्याचा, कधी त्याचा मोबाइल कानाला लावून उभा. पायऱ्या चढून गुडघे गेले. कुणाची सून माहेरी बसलीय, कुणाच्या पोराला चाकणच्या कंपनीत पगार मिळाला नाही, कुणी कुणाला दुसरीच सोयरीक दाखवलीय, सगळं मला ठाऊक. सुलभा मजेत होती. ती वर बसून बायकांबरोबर शेंगा फोडायची आणि खाली येऊन मला म्हणायची, "डोकं कसंय?"

"थांबतंय हळूहळू," मी म्हणायचो. डोकं फुटायची वेळ आली होती.

मयतीचे फोनही मलाच उचलावे लागायचे. कांताबाईचा भाऊ पालमकडं होता, आजारी. एका दुपारी फोन आला की गेला. ती लांब शेतात कापूस वेचत होती. मी तिथवर गेलो. ती कमरेला ओटी बांधून उभी होती. मी म्हणालो, "बाई, तुमच्या भावाचा फोन होता. जरा सिरियस आहे."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "सिरेस म्हंजे गेला ना, सर?"

"हौ," मी म्हणालो.

तिनं वेचलेला कापूस गाठोड्यात बांधला, गाठोडं माझ्या डोक्यावर दिलं, आणि मग रडायला सुरुवात केली. वेशीपर्यंत ती रडत पुढं आणि मी दुखरं डोकं घेऊन, त्यावर कापूस घेऊन मागं. मला तिचा राग आला नाही. दादा गेल्यावर माझ्या हातात असं काहीतरी कुणी द्यायला पाहिजे होतं असं वाटलं.

संक्रांत आली. सुलभानं तीळगूळ हातावर ठेवला आणि विचारलं, "डोकं?"

"दुखतंय," मी म्हणालो. दादाची शपथ होती.

तिनं आमच्याच माळवदावर चढून, मुंजाजीच्या मोबाइलवरून परभणीच्या तपासणी केंद्राची वेळ घेतली. त्यांनी उलट फोन केला तो अर्थातच मुंजाजीला. त्यानं तो उचलला आणि बातमी माळवदाच्या कडेला उभं राहून साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी सांगितली. "सर, तुमच्या डोक्याचा फोटू परवाच्याला हाय! जेवून आलं तरी चालतंय म्हनायलेत!"

संध्याकाळपर्यंत गाव भेटून गेलं. बेलदऱ्यात कुणी मोठ्या दवाखान्यात एकटं जात नाही. आपलं माणूस एकटं गेलं तर गावाची नामुष्की. त्यामुळं परवाच्या सकाळी दारात काळीपिवळी जीप उभी. आत मुंजाजी, कांताबाई, भजनी मंडळाचे दोघं, एक गडी टपावर. मला मध्ये बसवलं. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. वाटेत कुणीतरी म्हणालं, "मानूस लय चांगला व्हता." मुंजाजीनं त्याला कोपर मारलं.

केंद्रात तपासणी करणारा पोरसवदा माणूस म्हणाला, "अंगावरचं लोखंड, चांदी, सोनं, सगळं काढून ठेवा."

आम्ही लिंगायत. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून माझ्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग आहे. मला एकदम मार्ग सापडला.

"हे काढता येत नाही," मी म्हणालो. "आमच्यात लिंग अंगावेगळं करत नाहीत. धर्माचा प्रश्न आहे. चला सुलभा, नाही होत तर नाही."

सुलभा म्हणाली, "पूजा कधी केलावता?"

"त्याचा काय संबंध?"

"दादा गेल्यापासून एकदा तरी केलाव का? देवाशी बोलत नव्हताव ना तुमी?"

कांताबाई, मुंजाजी, भजनी मंडळ, सगळे माझ्याकडं बघत होते. सुलभानं त्या माणसाला विचारलं, डबी काढली आणि आतलं लिंग नुसतं कापडात बांधलं तर चालेल का? दगडाचं आहे. तो आत जाऊन विचारून आला, चालेल. तिनं आपल्या पदराची किनार दातांनी फाडली, लिंग डबीतून काढून त्यात गुंडाळलं आणि माझ्या उजव्या दंडाला घट्ट बांधलं. बांधताना तिची बोटं गार पडली होती. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं की एवढे दिवस ती माझ्याशी नुसती भांडत नव्हती, तीही भीत होती.

ते मशीन आतून ठोकल्यासारखं वाजत होतं. मी डोळे मिटले. दादानंही हेच ऐकलं असणार, असंच एकटं पडून. त्या वेळी मी बाहेर टपरीवर चहा पीत होतो. मी आत रडलो नाही. हलायचं नाही अशी सूचना होती.

"रिपोर्ट उद्या फोनवर कळवू," ते म्हणाले. परभणीच्या घरात भाडेकरू. जीपला परत जायचं होतं. आम्ही जीपबरोबर परतलो.

दुसऱ्या दिवशी मी तांदळाच्या डब्यातून माझा मोबाइल उकरून काढला, मुंजाजीकडं चार्ज केला आणि माळवदावर गेलो. दोरी रिकामी! सरच्या रिपोर्टला पुरी रेंज मिळावी, मध्येच वाटणी होऊ नये, म्हणून गावानं आपापले मोबाइल बंद करून घरी नेले होते आणि सगळे खाली अंगणात येऊन उभे होते. सुलभा ओट्यावर सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. त्या ज्वारीत खडा राहिला नव्हता, कोंडा राहिला नव्हता, तरी पाखडत होती.

मी कोपऱ्यात उभा राहिलो. एक कांडी. हात उंच केला. दोन. मग विटेवर चढलो, टाचा उंच केल्या आणि जन्मात पहिल्यांदा देवाला म्हणालो, आणखी एक दे.

फोन आला. मी तो कानाला गच्च दाबला.

"रिपोर्ट नॉर्मल आहे," पलीकडची बाई म्हणाली. "गाठ वगैरे काही नाही. डॉक्टर म्हणतात दुखणं मानेतून येत असावं. सारखं मान खाली घालून काही बघायचं काम करता का?"

कारकुनीत जन्म गेला, वर तो मीटर. मी हो म्हणालो आणि फोन ठेवला.

मला उड्या मारायला पाहिजे होत्या. पण मनात आलं, त्याच टॉवरसमोर मीही राहिलो. त्याच हवेत, त्याच लहरींत. मला काही झालं नाही. म्हणजे टॉवर नव्हता. दुसरं कुणीही नव्हतं. दादा उगीच गेला. एवढे दिवस मी त्या लोखंडाला शिव्या देत होतो तोवर दादा गेल्याचं मला जणू कळायचंच राहिलं होतं. मी माळवदाच्या कडेला बसलो आणि ढसाढसा रडलो.

खाली कांताबाईनं ते बघितलं. तिनं कपाळावर हात मारून गळा काढला.

मी ताडकन उठलो. "अहो, काही नाही! रिपोर्टमध्ये काही नाही!"

मुंजाजीनं टोपी काढून हातात घेतली. "हौ सर," तो म्हणाला, "काई न्हाई. देव हाय."

"अहो खरंच काही नाही!"

"मला बी सिरेसच सांगितलं व्हतं," कांताबाई रडता रडता बाकीच्यांना म्हणाली, आणि दोन-तीन बाया तिला येऊन मिळाल्या.

सुलभा पायऱ्या चढून वर आली. तोंड पांढरंफटक. ती माझ्यापुढं उभी राहिली. "खरं सांगा."

"खरंच काही नाही गं. मान आहे. मानेचं आहे."

"दादांनाबी आपण हेच म्हणलो होतो," ती म्हणाली. "काही नाही, मानेचं आहे."

मी मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं केंद्राला फोन लावला, तो लागेना. ती विटेवर चढली, हात उंच केला, टाचा उंच केल्या. खाली सगळं गाव वर बघत होतं. शेवटी लागला. तिनं ऐकलं, पुन्हा सांगा म्हणाली, पुन्हा ऐकलं. मग ती माझ्याशेजारी मटकन बसली, माझ्या मानेवर तोंड ठेवलं आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागली.

आता दोघंही रडतायत म्हटल्यावर खाली शंका घ्यायला जागाच राहिली नाही.

त्या दिवशी आमच्या आळीत कुणी चूल पेटवली नाही. भजनी मंडळानं आमच्या अंगणात बैठक मांडली. मी प्रत्येकाला धरून धरून सांगितलं, मला काही झालेलं नाही, मी चांगला आहे. ते मान हलवायचे आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायचे. एकजण डोळे पुसत म्हणाला, "सर, तुमची हिंमत मानली पाहिजे." दुसऱ्या दिवशी परभणीला जाऊन मी रिपोर्टचा कागद आणून दाखवला. मुंजाजीनं तो डोळ्यांपुढं धरला, आदरानं घडी घालून परत दिला आणि म्हणाला, "दवाखान्याचे लोक कागदावर कदीच खरं लिवत न्हाईत. घरच्याला धीर पायजे म्हनून."

त्याला आता बरेच दिवस झाले. मेलेला मीटर जिवंत करायला मी रोज मान खाली घालून बसायचो, ते सोडल्यावर मान सरळ झाली आणि मान सरळ झाल्यावर डोकं थांबलं. पूजा रोज करतो. दादाची आठवण आली की माळवदावर जाऊन बसतो. गावाचे मोबाइल दोरीवर वाजत असतात, त्यांतला एखादा उचलतो, निरोप पोचवतो. परभणीला परत जायला हरकत नाही, सुलभाही अधूनमधून तसं म्हणते. पण गावानं माझे शेवटचे दिवस गोड करायचं मनावर घेतलंय. हुरडा पहिला आमच्याकडं येतो. शेंगा सोललेल्या येतात. कोंबडीवाले अंडी आणून देतात आणि आम्ही खात नाही म्हटल्यावर गहिवरून परत नेतात. मी आधी भांडायचो, आता तेही सोडलंय. सकाळी कांताबाई म्हशीच्या सायीच्या दुधाचा तांब्या घेऊन येताना दिसली की मी पटकन बाजेवर आडवा होतो आणि जरासा कण्हतो.